बिघाडाची बदली

दिवाळीच्या साफसफाईत मला माळ्यावर चढवलं होतं ते चिवडा कालवायची मोठी परात काढायला. उतरलो तेव्हा हातात परात नव्हती. काखेत एक चपटा काळा डबा होता.

खाली शिडी धरून उभ्या असलेल्या बायकोनं विचारलं, "सापडली का?"

"सापडला," मी म्हणालो.

पंचवीस वर्षांच्या संसारात नुसत्या लिंगबदलावरून धोका ओळखायला ती शिकली आहे. "होता तिथं परत ठेव," ती म्हणाली. मी ऐकायला हवं होतं. पण पन्नाशी उलटलेल्या माणसाला माळ्यावर आपलं बालपण धूळ खात पडलेलं सापडलं की तो बायकोचं ऐकत नाही. परातीचं तर मुळीच नाही.

तो डबा म्हणजे आमचा झेडएक्स स्पेक्ट्रम. क्लाइव्ह सिंक्लेअर नावाच्या गृहस्थांच्या केंब्रिजमधल्या कंपनीनं एप्रिल १९८२ मध्ये तो विकायला काढला. १६ के मेमरीचा १२५ पौंडांना, ४८ केचा १७५ पौंडांना. पडदा नाही, डिस्क नाही. पडदा म्हणून घरातला टीव्ही वापरायचा आणि साठवायला घरातला टेपरेकॉर्डर. म्हणजे लग्नात मुलाकडच्यांनी फक्त मुलगा आणायचा आणि बाकी सगळं मुलीकडच्यांनी बघायचं, तसला प्रकार. चाळीस कळा, सगळ्या रबरी, हाताला खोडरबरासारख्या लागणाऱ्या. आणि चालू-बंद करायचं बटणच नाही! पिन खुपसली की चालू, उपटली की बंद. एवढं होऊनही इंग्लंडात घरोघरी पोरं त्याच्यावर तुटून पडली आणि १९८३ मध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर 'सर' झाले.

आमच्याकडे तो मे १९८५ मध्ये आला. लंडनच्या मामानं आपल्या मुलाला घेतला होता. मुलाला कंटाळा आला, तेव्हा मामानं तो भाच्यासाठी 'खास' आणला. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि सबंध पेठेत घरात कॉम्प्युटर असलेला मी एकटाच, असं मी तरी सगळ्यांना सांगत होतो.

पहिला बिघाड पहिल्याच संध्याकाळी झाला. यंत्र चित्र सोडणार यूएचएफच्या ३६ नंबरच्या चॅनलवर, आणि आमच्या टीव्हीचं खटक-खटक फिरणारं बटण बारापर्यंत जाऊन दमायचं. शेवटी गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या टीव्हीवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी टीव्हीचं मागचं झाकण काढलं, दोन तारा थेट आत डकवल्या आणि सांगितलं, "चालेल आता. फक्त पायांत चप्पल असू द्या." पुढची तीन वर्षं आमच्या घरात देवघरात आणि कॉम्प्युटरपाशी अशा दोन जागांचे चपलेचे नियम एकमेकांच्या नेमके उलटे होते.

काकांचं एक वाक्य मला त्या दिवसापासून पाठ आहे. आई म्हणाली, "आता पुन्हा बिघडणार नाही ना?" काका म्हणाले, "वहिनी, बिघाड म्हणजे सरकारी नोकर. तो जात नाही. त्याची बदली होते."

आता चाळीस वर्षांनी तो डबा जेवणाच्या टेबलावर होता. मूळचा अ‍ॅडाप्टर कुठे गेला देव जाणे. डब्यामागे लिहिलं होतं, ९ व्होल्ट डीसी. घरात ९ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर होता, जुन्या वायफायचा. पिन बरोब्बर बसली. या जगात जी पिन बरोब्बर बसते तिच्यापासूनच जास्त सांभाळायला हवं, हे मला तेव्हा कुठे माहीत! बहुतेक अ‍ॅडाप्टरांच्या पिनेचा मधला भाग पॉझिटिव्ह असतो. स्पेक्ट्रमला तो निगेटिव्ह लागतो. डब्यावर हे लिहिलेलं असेल, पण मी चष्मा माळ्यावर विसरलो होतो.

आतून "टिक्" असा छोटासा आवाज आला. उदबत्ती विझावी एवढाच धूर निघाला. वासावरून आई देवघरातून म्हणाली, "काय रे जळलं?"

"काही नाही," मी म्हणालो. तांत्रिकदृष्ट्या तोवर ते खरं होतं, कारण काय जळलं हे मला अजून कळलेलं नव्हतं.

बंद पडलेल्या यंत्राभोवती घरात जेवढे तज्ज्ञ गोळा होतात तेवढे आजारी माणसाभोवतीही होत नाहीत. आईचं मत पडलं की डबा दोन दिवस उन्हात ठेवावा. गाद्या, तांदूळ आणि सांडगे यांच्यावर लागू पडलेला उपाय कॉम्प्युटरवर का पडू नये, हा तिचा सवाल. शेजारच्यांनी तांदळाच्या डब्यात पुरायला सांगितलं. मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती आली, डबा चारही बाजूंनी फिरवून पाहिला आणि म्हणाली, "बाबा, याला यूएसबी कुठंय?" मी तिच्या फीचे आकडे मनातल्या मनात आठवले.

मग डबा पिशवीत घालून काकांकडे गेलो. काका आता पंच्याहत्तरीचे आहेत. दुकान मुलानं मोबाइल कव्हरांचं केलंय, पण मागच्या बाजूला एक टेबल, एक दिवा आणि सोल्डरिंग आयर्न काकांसाठी राखून ठेवलं आहे, जशी काही घरांत आजोबांची आरामखुर्ची ठेवतात. त्यांनी तळाचे पाच स्क्रू काढले, मल्टिमीटर टेकवला आणि वर न बघता विचारलं, "उलटा सप्लाय कोणी दिला?"

मी आमच्या घरातल्या लोकांच्या निष्काळजीपणाबद्दल काहीतरी पुटपुटलो.

काकांनी मग जे समजावलं ते मला आवडलं, कारण त्यात एक कुटुंबच होतं. या डब्यात मेमरीचे दोन संच असतात. खालचा १६ केचा, आठ चिपांचा. नंबर ४११६. ही आठ भावंडं भारी लाडावलेली. एका सप्लायवर त्यांचं भागत नाही. त्यांना अधिक ५ व्होल्ट हवेत, अधिक १२ हवेत आणि शिवाय उणे ५ हवेत. बाहेरून येतात सरळसाधे ९. त्यातून १२ आणि उणे ५ बनवायचं काम एक चिमुकला ट्रान्झिस्टर आणि एक तांब्याच्या तारेची गुंडाळी करते. तो ट्रान्झिस्टर म्हणजे एकत्र कुटुंबातली थोरली सून. ती आडवी पडली की उणे ५ बंद होतात. आणि उणे ५ शिवाय १२ मिळाले तर ही भावंडं नुसती रुसत नाहीत, जळून जातात.

"सून गेलीये," काका म्हणाले. "मुलं किती गेली ते नंतर कळेल."

सून दहा मिनिटांत बदलली. टीव्हीची भानगड उरली. आता काही चप्पल घालून बसायची गरज नव्हती. ३६ नंबरच्या चॅनलवर चित्र चढवणारी पत्र्याची डबी असते, तिला काकांनी बगल दिली आणि चित्र सरळ टीव्हीच्या पिवळ्या पिनेत सोडलं. घरी लावल्यावर पडद्यावर काहीतरी उमटलं. उभे पट्टे, त्यात रंगीत चौकोन, मधूनच काही लुकलुकणारं. बायको म्हणाली, "पैठणीचा पदर छान आहे. कॉम्प्युटर कुठे आहे?"

पडद्यावरचं चित्रही त्याच खालच्या १६ केमध्ये राहतं. भावंडं आजारी असली की घरातलं भांडण असं थेट दारात येतं.

मेलेली चिप ओळखायची पद्धत पुस्तकात वेगळी असेल. काकांची पद्धत आईसारखी. चालू करायचं आणि एकेकीच्या कपाळाला बोट लावायचं. कोमट असली तर ठीक. बोट झटकावं लागलं तर गेली. आठांपैकी तिघींनी माझं बोट भाजलं. काकांचं बोट भाजत नाही. चाळीस वर्षांत त्याला काही वाटेनासंच झालंय.

आता त्या तिघींच्या बदल्या आणायच्या तर तपकीर गल्लीला पर्याय नाही. पुण्यात जे विजेवर चालतं ते मेल्यावर त्याचा आत्मा याच गल्लीत भटकतो. पहिल्या दुकानात मी म्हणालो, "एक्केचाळीस सोळा आहे का?" पलीकडच्या मुलानं कॅल्क्युलेटर पुढे ओढला. "चार हजार एकशे सोळाचं काय हवंय साहेब? कॅमेरा की इन्व्हर्टर?" दुसऱ्या दुकानात मला तो कुठल्या गाडीचा पार्ट आहे असं विचारलं. तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या मालकांचे मात्र डोळे चमकले. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला, १९८४ मध्ये त्या चिपा मुंबईहून ते स्वतः कशा आणत ते अर्धा तास सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "आता नाही मिळत."

मिळाल्या त्या रविवारी जुन्या बाजारात. एका मोठ्या जुन्या यंत्राचं बोर्ड होतं, त्यावर सोळा ४११६ रांगेत. मी म्हटलं, मला तीनच हव्यात. विक्रेत्यानं माझ्याकडे बघितलं तसं भाजीवाली फक्त एक मेथीची काडी मागणाऱ्याकडे बघेल. "किलोवर आहे." म्हणून मी पावणेदोन किलो बोर्ड घेतलं. त्यातलं तीन चिपांचं वजन सोडून बाकी सगळं अजून गॅलरीत आहे. बायको त्याला 'तुझं बालपण' म्हणते.

वरच्या ३२ केच्या आठ चिपांची गोष्ट मला काकांच्या टेबलावरच कळली आणि सर क्लाइव्हबद्दलचा आदर दुणावला. त्या मुळात ६४ के बिट्सच्या, पण बनतानाच अर्ध्या बिघडलेल्या. कारखान्याला फेकून द्यायच्या होत्या. यांनी स्वस्तात घेतल्या आणि जो अर्धा भाग धड तेवढाच वापरला. कुठला अर्धा धड आहे हे यंत्राला सांगायला बोर्डावर एक तार जोडायची सोय ठेवली. डागी आंबे निम्म्या भावात आणून त्यांचा आमरस करणारी माझी आजी या माणसाला जावई करून घ्यायला तयार झाली असती. आणि पहिल्या खेपेच्या यंत्रांत तर मुख्य चिपमधली चूक निस्तरायला आणखी एक चिप पाय वर करून चिकटवलेली असायची. जाणकार तिला 'मेलेलं झुरळ' म्हणतात. दुरुस्ती करूनच बाजारात आलेली वस्तू बिघडली म्हणून रागवायचं तरी कोणत्या तोंडानं?

एका ४११६ला सोळा पाय. तीन चिपांचे अठ्ठेचाळीस. ४८ केच्या मशीनचे ४८ पाय मी स्वतः उपसायचे ठरवले, कारण काका म्हणाले होते, "तू करू नकोस." सदतिसाव्या पायाशी माझं सोल्डरिंग आयर्न जरा जास्त वेळ टेकलं आणि बोर्डावरची तांब्याची रेघ सालीसारखी उचलून आली. काकांनी तिथं एक बारीक तार टाकली. काही बोलले नाहीत, नुसतं त्या जागी फुंकर मारली.

मग घरी पिन खुपसली. पडदा काळा झाला, पांढरा झाला आणि खाली एक ओळ उमटली: © १९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड. पिन खोचल्यापासून दोन सेकंदही लागले नसतील. माझा ऑफिसचा लॅपटॉप एवढ्या वेळात फक्त स्वतःचा विचार करत असतो. मी हाका मारून सगळ्यांना गोळा केलं. आईनं चष्मा लावून ती ओळ वाचली. बायको हात पुसत आली, तिनंही ती वाचली आणि यंत्रदुरुस्तीतला सगळ्यात अवघड प्रश्न विचारला.

"बरं. मग आता?"

मग आता लोड. स्पेक्ट्रमवर आज्ञा अक्षर-अक्षर टाइप करायची नसते. 'जे' दाबलं की 'लोड' असा अख्खा शब्द येतो. मी 'जे' दाबलं. काही नाही. 'एच' नाही, 'के' नाही, 'एल' नाही. 'एंटर'सुद्धा नाही. बाकीच्या पस्तीस कळा टकाटक चालत होत्या. म्हणजे या यंत्रावर मी आता काहीही लिहू शकत होतो, फक्त लोड करू शकत नव्हतो आणि लिहिलेलं त्याला ऐकवू शकत नव्हतो. सोसायटीच्या सूचनापेटीसारखं.

इथे फीचे पैसे वसूल झाले. मुलगी म्हणाली, "बाबा, पाचच्या पाच शेजारच्या आणि एकदम गेल्यात म्हणजे मॅट्रिक्सची एक लाइन तुटलीय." आणि खरंच. रबराखाली प्लॅस्टिकचे दोन पातळ पापुद्रे असतात आणि त्यांच्या दोन शेपट्या बोर्डात खोचलेल्या असतात. चाळीस वर्षांत त्या शेपट्या पापडासारख्या होतात. डबा उघडताना दर वेळी त्या ओढल्या जातात. मी डबा किती वेळा उघडला होता? काका मोजत होते. अकरा. त्यातले सात वेळा 'फक्त बघायला'.

म्हणजे पॉवरमध्ये असलेला बिघाड मेमरीत गेला, तिथून मी स्वतः त्याची कीबोर्डमध्ये बदली केली. विनंती बदली म्हणा.

नवे पापुद्रे परदेशात हौशी लोक आजही बनवतात, पण मुलीला धीर नव्हता. तिनं ब्लेड घेतलं, शेपटीचं तुटलेलं टोक अर्धा सेंटिमीटर सरळ कापलं आणि उरलेली शेपटी पुन्हा खोचली. पाचही कळा जाग्या झाल्या. "अजून एकदाच कापता येईल," ती म्हणाली. तेव्हापासून डबा उघडायला घरात तिची लेखी परवानगी लागते.

आता कॅसेट. जुन्या टेपरेकॉर्डरचा पट्टा वितळून काकवी झाला होता, म्हणून आधी मोबाइलवरून एक खेळ वाजवून पाहायचं ठरलं. कॅसेटवर असायचा तो नुसता आवाजच, तो कुठूनही आला तरी यंत्राला चालतो. आठ जीबी मेमरीचा मोबाइल आपल्यापेक्षा पावणेदोन लाख पटीनं लहान यंत्राला पाच मिनिटं किर्र-किर्र करून गाणं म्हणून दाखवतो, हे दृश्य बघण्यासारखं असतं. मोठ्या गवयानं पाळण्याशी बसावं तसं. पडद्याच्या कडेला लाल आणि निळसर पट्टे सरकले, मग निळे-पिवळे बारीक पट्टे धावू लागले. साडेचार मिनिटं झाली. आम्ही श्वास रोखले. आणि मोबाइलवर सोसायटीच्या ग्रुपवरून 'शुभ सकाळ' आलं. 'टिंग!' झालं.

टेप लोडिंग एरर. संध्याकाळी सात वाजता शुभ सकाळ पाठवणाऱ्या माणसाला मी ओळखतो. पुढच्या सभेत त्याचं पार्किंग बघतो.

ते पट्टे लाल-निळे असतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. १९८५ मध्ये आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता. स्पेक्ट्रमचे आठ रंग. नवरात्रापेक्षा एकच कमी. आमच्याकडे मात्र सगळे दिवस राखाडी. त्यांचे नंबर अंधाराकडून उजेडाकडे लावलेले आहेत, शून्य म्हणजे काळा, सात म्हणजे पांढरा, त्यामुळे मी रंग आकड्यानं निवडायचो. तीन म्हणजे गडद राखाडी, सहा म्हणजे फिकट राखाडी. दिसायला फार शालीन दिसायचं.

काकांनी खणातून टेपचा पट्टा शोधून दिला आणि हेडचा स्क्रू पाव फेरा फिरवून आवाज टोकदार करून दिला. माळ्यावरच्या खोक्यात माझी एकच कॅसेट उरली होती. आईच्या कीर्तनाच्या कॅसेटवर मी तेव्हा माझा प्रोग्राम रेकॉर्ड केला होता. हा विषय आमच्या घरात चाळीस वर्षं आहे. पुन्हा निघाला. बुवांचा आख्यानातला अर्धा शब्द आला, तो मध्येच तुटला आणि किर्र सुरू झालं. या वेळी सगळे मोबाइल बाल्कनीत ठेवले होते.

प्रोग्राम आला. स्वतः बाराव्या वर्षी लिहिलेला. पडदा भगभगीत पिवळा झाला आणि त्यावर जांभळट गुलाबी अक्षरं उमटली. माझी शालीन राखाडी प्रत्यक्षात लग्नातल्या मांडवाची होती. मामानं तेव्हाच का नाही सांगितलं, कोण जाणे. त्यानं बहुधा आमच्या टीव्हीकडे बघून दया केली.

पडद्यावर प्रश्न आला: तुझं वय किती? उत्तर दिलं की वयाच्या दहापट अंतरावर एक ठिपका उमटायचा. तेव्हा तो ठिपका पडद्याच्या मध्यावर यायचा, १२० वर. पडद्याची रुंदी २५६ ठिपक्यांची. मी ५३ टाइप करून एंटर दाबलं.

खाली ओळ आली: बी इंटिजर आउट ऑफ रेंज, ४०:१.

"ओळ चाळीस," मुलगी म्हणाली. "बाबा, मशीन ओके आहे. तुझाच बग आहे. तू पंचवीसच्या पुढं जाशील असं धरलंच नव्हतंस."

मी काकांना फोन लावून सांगितलं. पलीकडून थोडा वेळ फक्त त्यांच्या दुकानाबाहेरच्या रहदारीचा आवाज आला. मग म्हणाले, "बदली झाली म्हणायची. आता ती ओळ तू नीट करू नकोस. केलीस तर तो कुठं जाईल सांगता येत नाही."

ओळ चाळीस आहे तशीच आहे. परात अजून माळ्यावर आहे.